डोंगरावरच्या आरोग्यधामातील संशयास्पद मृत्यू : हौशी शोधकांची रहस्यकथा कशी रचावी

रहस्यकथेत पहिला मृत्यू झाला की वाचक सावध होतो, कारण ज्या घरात किंवा ज्या बोटीवर तो झालेला असतो तिथे कोणी मरायला आलेले नसते. डोंगरावरच्या आरोग्यधामाचे तसे नाही. तिथे आलेल्यांपैकी काही जण बरे होऊन खाली उतरतील आणि काही जण उतरणार नाहीत, हे मुख्य डॉक्टरांपासून चादरी धुणाऱ्या बाईपर्यंत सर्वांना ठाऊक असते. एखादी खोली रिकामी होते, गादी दोन दिवस उन्हात पडते, तिसऱ्या दिवशी तिथे नवा रुग्ण येतो आणि जेवणाच्या टेबलावर त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. अशा जागी खून लपवायला खुन्याला फारसे कष्ट पडत नाहीत. कष्ट पडतात ते लेखकाला, कारण जिथे मरण अपेक्षितच आहे तिथे एक मरण अनपेक्षित होते हे त्याला वाचकाच्या मनात पटवून द्यायचे असते.

म्हणून या प्रकारच्या कथेची बांधणी खुनापासून सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी या ठिकाणचा नेहमीचा मृत्यू कसा असतो ते लेखकाने स्वतः नीट समजून घ्यावे आणि शक्य असल्यास कथेच्या पहिल्या काही पानांतच असा एक खराखुरा, निर्दोष मृत्यू वाचकाला दाखवावा. कोणाला आधी कळवतात, दार कोण बंद करते, प्रेत कोणत्या वेळी आणि कोणत्या वाटेने खाली नेतात, नोंदवहीत काय लिहितात, नातेवाइकांना निरोप कसा जातो, हे वाचकाने एकदा डोळ्यांनी पाहिले म्हणजे दुसऱ्या मृत्यूच्या वेळी यातली एखादी गोष्ट वेगळी घडली की कोणी न सांगताही त्याला वाटते की इथे कुठेतरी पाणी मुरते आहे.

काळाची निवड

आरोग्यधाम म्हटले की डोळ्यांपुढे येणारे चित्र, म्हणजे लांबच लांब सज्जे, आरामखुर्च्यांची रांग आणि घोंगड्यांत गुरफटलेली माणसे, हे एका विशिष्ट काळाचे आहे आणि त्या काळातही ते सर्वत्र सारखे नव्हते. हर्मान ब्रेमर यांनी १८५० च्या दशकात सायलेशियातील ग्योर्बर्सडोर्फ या डोंगराळ गावी क्षयरोग्यांसाठी उपचारगृह उभे केले. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. ब्रेमर यांचा भर उघड्या हवेतील चालण्यावर आणि थंड पाण्याच्या धारांवर होता. त्यांचे रुग्ण राहिलेले पेटर डेटवायलर यांनी पुढे जर्मनीतील फाल्केनश्टाइन येथे वेगळी पद्धत रुजवली आणि रुग्णाने दिवसाचे कित्येक तास मोकळ्या सज्जात आडवे पडून राहावे, असा दंडक घातला. वैद्यकाच्या इतिहासातला हा तपशील कथेच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. चालण्याचा उपचार असलेल्या ठिकाणी एखादा रुग्ण भर दुपारी एकटाच पायवाटेवर दिसला तर त्यात नवल नसते. विश्रांतीचा उपचार असलेल्या ठिकाणी तोच रुग्ण खुर्ची सोडून दहा पावले गेला तरी शेजाऱ्यांच्या लक्षात येते. आपल्या कथेतील आरोग्यधाम यांपैकी कोणत्या पठडीतले आहे हे ठरल्याशिवाय कोण कुठे होता याचा हिशेब मांडताच येणार नाही.

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कोख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले आणि तोवर पुष्कळांना आनुवंशिक वाटणारा हा आजार एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा ठरला. त्यानंतरच्या आरोग्यधामांत थुंकीची धास्ती होती. डेटवायलर यांनीच निळ्या काचेची, घट्ट झाकणाची, खिशात मावणारी थुंकीची बाटली प्रचारात आणली. ही बाटली ज्याच्या त्याच्या खिशात असे आणि दुसऱ्याच्या बाटलीला कोणी बोटही लावत नसे. खोलीची झडती घेणारे लोक गादी उसवतील, पुस्तकांची पाने चाळतील, पण ती निळी बाटली उघडून पाहणार नाहीत. लपवण्याची इतकी पक्की जागा या काळाशिवाय दुसरीकडे मिळणे कठीण आहे.

कथा १९४० च्या दशकाच्या अखेरीस घडवली तर खुनाचे कारण आपोआप हाती येते. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन हे औषध वेगळे करण्यात आले, परंतु सुरुवातीची काही वर्षे ते इतके दुर्मीळ होते की ब्रिटनमध्ये १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते कोणत्या रुग्णाला द्यायचे आणि कोणाला नाही हे यादृच्छिक पद्धतीने ठरवले गेले होते. ज्या घरात दहा मरणासन्न माणसे आहेत आणि औषध दोघांपुरतेच आहे, तिथे यादीत वरचे नाव असणाऱ्याचा मृत्यू खालच्या नावासाठी काय अर्थ ठेवतो, हे वेगळे सांगायला नको. पुढे औषधे मुबलक झाली, आरोग्यधामे ओस पडली आणि त्यांतल्या कित्येकांची हॉटेले झाली. आजच्या काळातील उपवास आणि मालिशवाल्या आरोग्यकेंद्रात कथा घडवायची असेल तर मात्र वर सांगितलेली मूळ अडचण उलटी होते. तिथे कोणाचेच मरण अपेक्षित नसते, त्यामुळे संशय लगेच येतो आणि पोलिसही लगेच येतात. मला स्वतःला ती कथा कमी आव्हानाची वाटते, म्हणून पुढचे विवेचन जुन्या आरोग्यधामाला धरून आहे.

वेळापत्रक हाच खरा नकाशा

अशा कथांत अनेक लेखक इमारतीचा नकाशा काढून ठेवतात. तो काढावाच, पण त्याआधी दिवसाचे वेळापत्रक काढावे. उठण्याची घंटा, न्याहारी, सकाळची विश्रांती, डॉक्टरांची फेरी, दुपारचे मौनाचे तास, ताप मोजण्याच्या वेळा, रात्री दिवे मालवणे, हे सगळे घड्याळाच्या काट्यावर चालते आणि ते मोडण्याची मुभा रुग्णाला नसते. हौशी शोधकांकडे प्रयोगशाळा नाही, अधिकार नाही, पण हे वेळापत्रक मात्र त्यांच्या अंगात भिनलेले आहे. बाहेरून आलेल्या निष्णात पोलीस अधिकाऱ्याला जे दिसणार नाही ते महिनोन्महिने तिथे पडून राहिलेल्या रुग्णाला दिसते, आणि हौशी माणसाने व्यावसायिकावर मात करावी याचे हेच एक प्रामाणिक कारण आहे.

एक उदाहरण जवळून पाहू. सज्जातील खुर्चीवर एक रुग्ण सकाळी मृतावस्थेत सापडतो. घोंगडी गळ्यापर्यंत नीट ओढलेली आहे, चेहरा शांत आहे, आणि डॉक्टर हृदय बंद पडल्याची नोंद करून मोकळे होतात. खोलीतील तापाच्या तक्त्यावर आदल्या रात्री आठची नोंद ३७.२ अंश अशी आहे. टेबलावर थर्मामीटरची नळकांडी आहे. शेजारच्या खोलीतील बाई, जी रोज त्याच्याशी तापाच्या आकड्यांची तुलना करीत असे, ती नकळत थर्मामीटर बाहेर काढून उजेडात धरते. पारा ३८.४ वर उभा आहे. काचेच्या थर्मामीटरच्या नळीत फुग्याच्या वर एक चिंचोळा भाग असतो, त्यामुळे एकदा चढलेला पारा झटकल्याशिवाय खाली येत नाही. माणूस गेला, खोली गारठली, तरी शेवटचे मोजमाप तो तसेच धरून ठेवतो. हा रुग्ण तर आकडा लिहिला की दोनदा मनगट झटकून पारा उतरवत असे आणि मगच थर्मामीटर नळकांडीत ठेवत असे, हे तिने कित्येक महिने पाहिलेले आहे. मग ३७.२ कोणी लिहिले?

या दुव्यात कोणतेही विशेष ज्ञान लागत नाही, आणि तरीही तो तिथे राहणाऱ्यालाच सुचू शकतो. परंतु इथेच थांबून कथा पुढे ढकलणे ही चूक ठरेल. चांगला शोधक आपल्याच दुव्यावर आधी हल्ला करतो. थर्मामीटर शेगडीजवळ पडला होता का, म्हणजे पारा उष्णतेने चढला असेल का? परिचारिकेने तो दुसऱ्या कोणासाठी वापरला होता का? त्या रात्री रुग्णाने तापाचा आकडा मुद्दाम कमी लिहिला असेल का, कारण ताप वाढला की सज्जात बसण्याची किंवा खाली फिरायला जाण्याची परवानगी जाते? ही शेवटची शक्यता फार मानवी आहे आणि तिच्यावर एक अख्खे प्रकरण उभे राहू शकते. यांपैकी प्रत्येक शंका शोधकांनी स्वतः निपटून काढली म्हणजेच उरलेल्या निष्कर्षाला वजन येते.

देह काय सांगतो आणि काय सांगत नाही

थंडीत सापडलेल्या देहावरून मृत्यूची वेळ सांगणे तज्ज्ञालाही अवघड जाते. सामान्य तापमानात देहाचा ताठरपणा दोन ते चार तासांत जाणवू लागतो आणि बारा तासांच्या सुमारास पूर्ण होतो. गारठ्यात हा क्रम लांबतो. उघड्या सज्जात रात्रभर राहिलेला देह पाहून कथेतल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाने मृत्यू सव्वादोन वाजता झाला असे जाहीर केले तर जाणकार वाचक पुस्तक मिटेल. वेळ ठरवण्याचे काम वेळापत्रकावर, घंटेवर आणि साक्षींवर सोपवावे. देहाकडून वेगळ्या गोष्टी घ्याव्यात. मृत्यूनंतर रक्त देहाच्या खालच्या बाजूला साकळते आणि त्वचेवर जांभळट डाग उमटतात; साधारण आठ ते बारा तासांनी ते पक्के होतात. पाठीवर टेकून पडलेल्या माणसाच्या छातीवर असे डाग दिसले तर त्याला मागाहून तिथे आणून बसवले आहे, एवढे सामान्य माणसालाही समजावून सांगता येते.

या डागांच्या रंगात डोंगरावरच्या कथेसाठी एक सुरेख सापळा दडलेला आहे. कोळशाच्या शेगडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड रंगहीन आणि गंधहीन असतो, रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो, आणि त्याने मेलेल्या माणसाच्या देहावरचे डाग चेरीसारखे लालसर दिसतात. वैद्यकाचा विद्यार्थी असलेला शोधक ते पाहून शेगडीचा धुराडा कोणी बुजवला असा आरोप करील. पण कडाक्याच्या थंडीत राहिलेल्या देहावरचे डागही गुलाबी होतात. म्हणजे अर्धवट ज्ञानाने सुतावरून स्वर्ग गाठला जातो, एका निरपराध नोकरावर बालंट येते, आणि ही चूक कथेच्या मध्यावर उघडी पडली तर शोधक आणि वाचक दोघेही अधिक सावधपणे पुढे जातात. असाच आणखी एक चकवा म्हणजे बर्फात कपडे काढलेल्या अवस्थेत सापडलेला देह. पाहणाऱ्याला अत्याचार किंवा झटापट वाटते, परंतु अतिशीत अवस्थेत शेवटी शेवटी काही माणसांना प्रचंड उकडल्याचा भास होतो आणि ती स्वतःच अंगावरचे कपडे काढतात.

साधनाची निवड करताना परक्या देशातून आणलेले अद्भुत विष टाळावे. आरोग्यधामाच्या कपाटात जे असते तेच पुरेसे आहे. खोकला शमवण्यासाठी आणि रक्ताची उलटी झाल्यावर रुग्णाला शांत ठेवण्यासाठी मॉर्फिन दिले जाई, आणि ज्याची फुप्फुसे आधीच थकलेली आहेत त्याचा श्वास थोड्या जास्त मात्रेने थांबला तर ते कोणाला विशेष वाटत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या दिसल्या, एवढीच खूण उरते. डिजिटॅलिस हे हृदयाचे औषध विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये वर्णन केले तेव्हापासून त्याची गुणकारी मात्रा आणि घातक मात्रा यांत फार अंतर नाही हे माहीत आहे. भूक मंदावणे, मळमळ, नाडी अनियमित होणे ही त्याची लक्षणे क्षयरोग्याच्या लक्षणांत सहज मिसळून जातात, पण सगळे काही पिवळट दिसू लागल्याची तक्रार मिसळत नाही. बर्फाच्छादित शिखर पिवळे दिसते असे एखादी रुग्ण मृत्यूच्या आदल्या दिवशी सहज बोलून गेली आणि ऐकणाऱ्यांनी ते संध्याकाळच्या उन्हाचे कौतुक समजले, तर दुवा वाचकाच्या अगदी डोळ्यांसमोर ठेवूनही लपलेला राहतो.

उपचारच शस्त्र होऊ शकतो हेही ध्यानात ठेवावे. कार्लो फोर्लानिनी यांनी १८८२ मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत सुईने हवा भरून ते फुप्फुस दबवून ठेवण्याचा उपचार पुढे अनेक आरोग्यधामांत होऊ लागला. ही हवा ठरावीक दिवसांनी पुन्हा भरावी लागे आणि चुकून ती रक्तवाहिनीत गेली तर मृत्यू ओढवण्याचा धोका खराच होता. इथे अपघात आणि खून यांत फरक दाखवणारा पुरावा देहात सापडत नाही. तो शोधावा लागतो त्या दिवशी फेरी कोणाची होती आणि ती बदलून कोणी घेतली, यात.

शोधक कोण आणि त्यांच्या मर्यादा

शोधक एकटा असण्यापेक्षा तिघे-चौघे असावेत आणि प्रत्येकाला वेगळ्या ठिकाणी प्रवेश असावा. दीर्घकाळ राहिलेल्या रुग्णाला माणसे माहीत असतात, नव्याने आलेल्याला खटकणाऱ्या गोष्टी दिसतात, स्वयंपाकघरातील माणसाला कोणाचे ताट न खाता परत आले हे कळते आणि टपाल वाटणाऱ्याला कोणाची पत्रे थांबली हे कळते. मात्र ही मंडळी आजारी आहेत याचा विसर पडू देऊ नये. जिना चढल्यावर थांबावे लागणे, महत्त्वाच्या संभाषणात खोकल्याची उबळ येणे, पाळत ठेवण्याच्या रात्री ताप चढणे, यांतून कथेचा ताण कोणत्याही पाठलागापेक्षा जास्त वाढतो. सुमारे दीड हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण एक-षष्ठांशाने कमी असतो. निरोगी माणसाला ते फारसे जाणवत नाही, पण एकाच फुप्फुसावर जगणाऱ्याला दोन मजलेही पुष्कळ होतात.

सामान्य माणसांना संशय येतो आणि तो खरा ठरतो, याचे सर्वांत दुःखद उदाहरण इंग्लंडमधील हाइड येथील डॉक्टर हॅरॉल्ड शिपमन यांचे आहे. त्यांना २००० साली १५ खुनांबद्दल दोषी ठरवण्यात आले आणि २००२ मध्ये चौकशी आयोगाने बळींची संख्या २१५ असल्याचा निष्कर्ष काढला. त्यांच्या वयस्कर रुग्णांची ने-आण करणाऱ्या एका टॅक्सीचालकाने, आपले गिऱ्हाईक असलेल्या बायका एकामागून एक जात आहेत हे पाहून नावांची यादी करून ठेवली होती. मृत्यू अनपेक्षित नसलेली वृद्ध माणसे, औषधाच्या कपाटातील मॉर्फिनच्या जातीचे औषध आणि विश्वासातला डॉक्टर, हे सगळे आरोग्यधामाच्या कथेला लागू पडते. शिपमन यांनी संगणकावरील नोंदींत मागच्या तारखा घालून आजार रचले होते आणि त्या नोंदी प्रत्यक्षात कधी केल्या हे यंत्राने टिपून ठेवले होते. जुन्या काळातील कथेत यंत्राची जागा शाईचा रंग, टाकाचे टोक किंवा वहीत मागाहून कोंबलेली ओळ घेऊ शकते.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवल्याशिवाय कोणी अशी कथा लिहू नये, असे मला मनापासून वाटते. नेदरलँड्समधील परिचारिका लुसिया द बर्क यांच्या पाळीत इतके मृत्यू योगायोगाने घडण्याची शक्यता ३४ कोटी २० लाखांत एक आहे, असे गणित मांडले गेले आणि २००३ मध्ये त्यांना जन्मठेप झाली. ते गणित चुकीचे होते, आणि २०१० मध्ये त्यांची निर्दोष मुक्तता झाली. मृत्यूंची यादी घेऊन बसलेल्या हौशी शोधकाने स्वतःला विचारायला हवे की ती परिचारिका नेहमी सर्वांत गंभीर रुग्णांच्याच पाळीवर असते का, आणि ती नसताना झालेले मृत्यू आपण यादीतून नकळत वगळले आहेत का. कथेतील एका शोधकाने ही हरकत घ्यावी आणि बाकीच्यांना ती ऐकवत नाही असे दाखवावे. कारण बऱ्या न होणाऱ्या माणसाला आपल्या शेजाऱ्याला आजाराने नव्हे तर कोणीतरी मारले असे मानण्यात एक प्रकारचा दिलासा असतो. खुन्याला पकडता येते, आजाराला नाही.

कोंडलेपणा आणि दुसरा मृत्यू

बर्फाचा कडा कोसळून रस्ता बंद पडला, हा प्रसंग या प्रकारात इतका वापरला गेला आहे की तो टाळलेला बरा. रुग्णांना तिथे बांधून ठेवायला डॉक्टरांचा सल्ला पुरेसा आहे. खाली उतरलात तर वाचणार नाही, असे ज्याला सांगितले आहे तो खुन्याच्या शेजारच्या खोलीतही मुक्काम करतो.

दुसरा मृत्यू घडवताना मात्र घाई करू नये. तो पहिल्यासारखा मुळीच नसावा, आणि शक्यतो शोधकांच्याच प्रश्नांमुळे घडलेला असावा. मेट्रनला विचारलेला एक भाबडा प्रश्न संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांवर पोचतो आणि ज्याने उत्तर दिले असते तो माणूस सकाळी उठत नाही. याची जबाबदारी शोधकांनी स्वतःच्या खांद्यावर घ्यावी आणि निदान एकाने तरी तपास सोडून द्यावा. मृताला नाव, सवयी, अर्धवट विणलेला मोजा किंवा अपुरे पत्र असावे. तो केवळ कोड्याचा तुकडा म्हणून आला तर आरोग्यधामाचे व्यवस्थापन जे करते, म्हणजे खोली धुऊन नव्या रुग्णाला देणे, तेच लेखकही करतो आहे असे होते.

उकल झाल्यावर ती कोणासमोर मांडायची हा प्रश्न या कथांत सर्वांत दुबळा राहतो. दिवाणखान्यात सर्वांना जमवून केलेले भाषण इथे शोभत नाही, कारण मौनाच्या तासांत आणि तापल्या अंगाने जगणाऱ्या माणसांत ते खोटे वाटते. तापाचा तक्ता, थर्मामीटर, फेऱ्यांची वही आणि चार साक्षी एकत्र करून खालच्या गावातील न्यायाधिकाऱ्याकडे पाठवायच्या, तर त्या घेऊन कोण उतरणार आणि उतरण्याइतके बळ कोणात उरले आहे, हा निर्णय शेवटच्या प्रकरणासाठी राखून ठेवावा. ती शेजारची बाई थर्मामीटर नळकांडीसकट कोटाच्या आतल्या खिशात ठेवते, तो कुठेही झटकला जाऊ नये म्हणून वरून एक हात दाबून धरते आणि पहाटेच्या घसरगाडीत बसते. कथा तिथपर्यंत आली की लेखकाने लेखणी खाली ठेवायला हरकत नाही.